बेबीताईंचे दोन मोबाइल

बेबीताईंच्या हातात नवी वस्तू आली की त्या ती आधी उलटी करून पाहायच्या. कुकर असो, मुलांची रंगपेटी असो, नाहीतर पाण्याचं फिल्टर. स्क्रू कुठं आहे, बुडाला काय लिहिलं आहे ते पाहून झालं की सरळ ठेवायच्या आणि विचारायच्या, "हं, आता सांग, तू काय काय करतं?" हे त्या वस्तूला विचारलेलं असायचं. नव्या बाईला वाटायचं आपल्यालाच विचारलं.

मी त्यांच्या अंगणवाडीत मदतनीस होते. मी अजून तिथंच आहे, त्या निवृत्त झाल्या. हिंगणीच्या पुढं, बोरच्या जंगलाला लागून आमचं गाव आहे. अंगणवाडी म्हणजे एक खोली, तिच्यामागं स्वयंपाकाची खोली, पुढं पडवी आणि लोखंडी फाटक. बावीस मुलं, त्यातली निम्मी गोंडांच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची. बेबीताई सेविका, म्हणजे शिकवणं, वजनं घेणं, रजिस्टर आणि मोबाइलवरची माहिती त्यांच्याकडे. खिचडी शिजवणं, झाडणं आणि मुलांना घरून घेऊन येणं माझ्याकडे. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं.

मुलांना त्या शिकवायच्या कमी आणि विचारायच्या जास्त. एखादा चिखलाचे पाय घेऊन आला की विचारायच्या, "काऊन रे, पाय काऊन असे?" आणि उत्तर येईपर्यंत खरंच थांबायच्या. मूल म्हणायचं, "चिखल होता." त्या म्हणायच्या, "बराबर." मग त्याला नळाकडे पाठवायच्या. रागवायचं राहूनच जायचं.

एका वर्षी आमच्याकडची बहुतेक मुलं वजनात कमी भरली. वरून विचारणा झाली. गावातल्या बाया म्हणाल्या, मंदा खिचडी पातळ करते. मी चार दिवस मान वर केली नाही. बेबीताईंनी काय केलं, तर माझ्या परसातला भोपळा मागून आणला, मुलांच्या टांगत्या काट्याला झोळीत घालून टांगला, मग तोच भोपळा कडेवर घेऊन किराणा दुकानात गेल्या आणि तिथं मोजला. परत आल्या आणि पडवीत बसून पाणी प्यायल्या.

"मंदा, पोट्टे बारीक नाई. काटाच पाव किलो कमी दाखवून राह्यला."

नवा काटा आला. खिचडीबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही. भोपळ्याची आम्ही भाजी केली.

माझा आवाज लहान आहे. लहानपणापासून तसाच. चार माणसांत बोलायची वेळ आली की तो आणखी आत जातो. लोक माझं बोलणं अर्धं ऐकून निघून जातात, मलाही त्याची सवय झाली आहे. बेबीताई मात्र नेहमी थांबायच्या, मान वळवायच्या आणि म्हणायच्या, "काय म्हणून राह्यली व तू? पुन्हा सांग." मी पुन्हा सांगायचे. दिवसातून पाच-सात वेळा तरी हे व्हायचं.

मग एक वर्ष असं आलं की त्यांनी विचारणंच सोडलं. स्वयंपाकखोलीचं दार त्यांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला होतं. मी दारात उभी राहून सांगायचे, तेल संपलं, अमकी आजारी आहे, तमकीची आई आली आहे. त्या लिहीत राहायच्या. मी थोडा वेळ उभी राहून परत आत जायचे. माझ्या हातून काहीतरी चुकलं असणार, ते आठवायचा मी फार प्रयत्न केला. विचारायचं धाडस झालं नाही.

त्याच वर्षी दिवाळीत त्यांच्या मुलीनं त्यांना हेडफोन पाठवला. मुलगी कारंज्याला दवाखान्यात नर्स आहे. तिचं म्हणणं, आई फोनवर सारखी "आवाज येत नाई" म्हणते आणि आपल्यालाच ओरडावं लागतं. हेडफोन बिनवायरचा, दोन्ही कानांवर झाकणासारखा बसणारा, काळा. बेबीताईंनी तो आधी उलटा करून पाहिला. मग मुलीला फोन लावून विचारलं, "हा काय काय करते?"

मुलीनं सांगितलं, हा दोन मोबाइलांना एकाच वेळी जोडता येतो.

हे ऐकून त्या खूश झाल्या, कारण त्यांच्याकडे दोन मोबाइल होते. एक घरचा, एक सरकारी. सरकारी मोबाइलवर मुलांची माहिती भरायची, प्रशिक्षणाचे व्हिडिओ पाहायचे, मॅडमचे फोन घ्यायचे. दोन्ही टेबलावर शेजारी-शेजारी असायचे आणि एक वाजला की त्या नेमका दुसरा उचलायच्या.

जोडायला दोन दिवस लागले. बटन दाबून धरायचं, मोबाइलमध्ये नाव शोधायचं, त्यावर बोट ठेवायचं. घरचा जोडला की हेडफोनमधली बाई इंग्रजीत काहीतरी बोलायची. सरकारी जोडला की तेच पुन्हा बोलायची. "दोनदा बोलली," बेबीताई म्हणाल्या. "म्हणजे दोन्ही झाले."

मग त्यांनी विचार केला. कान दोन, मोबाइल दोन. म्हणजे एका कानात एक येत असणार. त्यांनी औषधाच्या चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले. उजव्या झाकणावर लिहिलं "घर", डाव्यावर लिहिलं "सरकार". मलाही ते अगदी पटलं. त्याशिवाय दोन झाकणं कशाला दिली असती?

घरचा मोबाइल उजव्या कानात बोलला. सरकारी मोबाइलवर त्यांनी व्हिडिओ लावला, तर तोही उजव्याच कानात आला. डाव्यात काहीच नाही. त्यांनी दोन्ही तोडून पुन्हा जोडले. मग सरकारी आधी आणि घरचा नंतर जोडून पाहिला. तरी सरकार घरातच बोलत राहिलं.

आता त्यांना चैन पडेना. एक जुनं रजिस्टर काढून माझ्यापुढं टाकलं. "मी करते, तू लिहून घे."

"मले नाई जमत ताई, मी कवाची सोडली शाळा."

"चुकलं तर चुकलं. मी कोणाले दाखवून राह्यली?"

मी लिहिलं. अक्षरं मोठी, वाकडी, अर्धी ओळीच्या बाहेर. व्हिडिओ चालू असताना घरच्या मोबाइलवर फोन आला, व्हिडिओ थांबला, फोन ऐकू आला. दोन्हीकडे गाणी लावली, पहिलं वाजलं, दुसरं मुकं. पहिलं बंद केलं, दुसरं वाजलं. तिसरा मोबाइल म्हणून माझा जोडायला गेलो, तर आधीच्यातला एक सुटला. असे आठ दिवस गेले. मुलं झोपली की आमचं हेच काम. पण डाव्या कानाचं कोडं काही सुटेना.

शेवटी त्या हेडफोन घेऊन हिंगणीच्या मोबाइलच्या दुकानात गेल्या. परत आल्या त्या तणतणत.

"तो म्हणते, काकू, एका कानाले एक असं नसते. दोन्ही मोबाइल दोन्ही कानात येते. त्यानं लावून पाह्यला, म्हणते दोन्ही बाजू चालू हाये. मंग मलेच काऊन येत नाई?"

मुलं झोपली होती. त्या पडवीत बसल्या, गाणं लावलं, हेडफोन घातला. मग त्यांच्या सवयीप्रमाणे त्यांनी तो काढून उलटा केला आणि उलटाच घातला. "सरकार" आता उजव्या कानावर होतं, "घर" डाव्या.

मी समोर रजिस्टर घेऊन बसले होते. त्यांचा हात उजव्या झाकणावर गेला आणि तिथंच राहिला. नंतर डाव्या झाकणावर गेला. त्यांनी आवाज वाढवला, इतका की मला समोर गाणं ऐकू यायला लागलं. मग त्यांनी हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

"दोन्हीकडून येते?"

"हाव."

"सारखंच येते?"

"हाव ताई."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "झाकण चांगलं हाये," त्या म्हणाल्या. "सरकार चांगलं हाये, घरही चांगलं हाये. माहा कान गेला."

मग थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "तू त्या दारातून बोलत असशील तर मले येतच नसन." त्या क्षणी माझं एक वर्षाचं ओझं उतरलं. त्यांच्या कानाबद्दल वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं, पण नंतर.

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं राहिली होती. त्यांनी मला कोणाला सांगू नको म्हटलं. मी कोणाला सांगणार होते? पण खरी भीती त्यांना वेगळीच होती. ती चार दिवसांनी कळली. टोलीवरची रेणू, तीन वर्षांची, मागं नळाजवळ घसरून पडली आणि रडायला लागली. रडणं बेबीताईंनी ऐकलं, त्या उठल्याही, पण धावल्या पुढच्या फाटकाकडे. एका कानानं आवाज येतो, कुठून येतो ते कळत नाही. मी रेणूला उचलून आणलं. गुडघा खरचटला होता, एवढंच. बेबीताई फाटकाशीच उभ्या होत्या.

"आज नळ होता," त्या म्हणाल्या. "उद्या खिचडीचा गरम गंज असन. मी राहू का राजीनामा लिहून देऊन घरी बसू, मंदा?"

मी रेणूचा गुडघा धुवायला घेतला. त्यांनी त्या दिवशी मला पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या लवकर आल्या आणि आम्ही खोली फिरवली. फळा डाव्या भिंतीवरून उजव्या भिंतीवर आला, मुलांच्या बसायच्या पट्ट्या त्यांच्या उजव्या हाताला आल्या, आणि माझ्या दाराकडे त्यांची उजवी बाजू येईल अशी खुर्ची. कोणी विचारलं तर सांगायचं, उजेडासाठी.

मग मुलीनं फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली. मोबाइलमध्येच एक सोय असते. ती चालू केली की मोबाइलला जे ऐकू येतं ते मोठं होऊन हेडफोनमध्ये येतं. बेबीताईंना वाटलं, मग काय, एक मोबाइल पुढं ठेवू, एक मागं, दोन्हीकडचं ऐकू येईल. ते जमलं नाही. जोडलेले दोन्ही असतात, पण बोलतो एकच. आमच्या रजिस्टरात आहे: "पुढचा चालू, मागचा मुका." त्यावर तीन दिवस घालवून त्यांनी ठरवलं, पुढचं डोळ्यांनी पाहू. सरकारी मोबाइल मागच्या खिडकीत टांगला. घरचा पर्समध्ये, फोनसाठी. हेडफोन मानेत, लागेल तेव्हा कानावर.

"आधी तुहे ओठ हलते, मंग आवाज येते," त्या मला सांगायच्या. "जसा मागून कोणी बोलून राह्यला." त्यांना याचीही गंमत वाटायची. आवाज मध्ये कुठं थांबत असेल, हे त्यांनी दुकानवाल्याला दोनदा विचारलं. तो आता त्यांना पाहून चहा मागवायचा.

मुलांचं निभलं. अडचण होती ती महिन्याच्या बैठकीची. ती सेलूला व्हायची, मोठ्या खोलीत, चार पंखे खडखडत असायचे. पर्यवेक्षिका मॅडम हळू बोलायच्या आणि मध्येच कोणालाही उठवून विचारायच्या. आधीच्या बैठकीत बेबीताईंनी भलतंच उत्तर दिलं होतं आणि मॅडमनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "झेपत नसेल तर सांगा." तेव्हापासून बेबीताई त्या चार शब्दांना फार भ्यायच्या.

पुढच्या बैठकीला मदतनिसांनाही बोलावलं होतं. बेबीताईंनी तयारी केली. प्लगाची जागा मॅडमच्या खुर्चीमागं होती. बेबीताईंनी सरकारी मोबाइल तिथं चार्जिंगला लावला, ऐकायची सोय चालू करून. हेडफोनवरून पदर घेतला आणि चौथ्या रांगेत बसल्या. अर्धा तास सगळं नीट चाललं. मॅडमनी हळू विचारलेल्या एका प्रश्नाला त्यांनी सगळ्यात आधी उत्तर दिलं, तेव्हा शेजारच्या बायांनी वळून पाहिलं.

पण घरचा मोबाइल पर्समध्ये होता, आणि तोही हेडफोनला जोडलेला होता. हे आम्ही दोघीही विसरलो. मुलीचा फोन आला. बेबीताईंना मॅडमचा आवाज तुटून घंटी ऐकू आली. फोन कापायला त्यांनी बटन दाबलं. पण एकदा दाबलं की फोन उचलला जातो, धरून ठेवलं तर कापला जातो. हेही आमच्या रजिस्टरात होतं.

मुलगी त्या दिवशी सांभारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, करत होती. खसखस किती घालू, हे तिला विचारायचं होतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "बेबीताई, तुमच्याकडे तीव्र कमी वजनाची मुलं किती?"

बेबीताईंना वाटलं आपण कुजबुजलो. ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "मूठभर. जास्त नको टाकू."

खोली हसली. दोघी-तिघी तर पदर तोंडात घालून वाकल्या. मॅडम उठून त्यांच्यापाशी गेल्या आणि पदर बाजूला केला.

"बैठकीत फोनवर बोलता? काढा ते. आणि संध्याकाळपर्यंत मला लेखी द्या."

बेबीताईंनी हेडफोन काढला. त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या राजीनामा लिहून देते म्हणतील. त्यांनी पर्समधला घरचा मोबाइल काढला आणि आधी तो पूर्ण बंद केला.

"देते मॅडम. पण आधी हा लावून पाहा."

"काय?"

"दोन मिन्टं लावा. मंग जे म्हणाल थे लिहून देते." आणि मला म्हणाल्या, "मंदा, चार्जिंगचा मोबाइल काढ, वऱ्हांड्यात जा, दार लोटून घे, अन् बोल काहीतरी."

साठ बाया पाहत होत्या. मी मोबाइल घेतला आणि बाहेर गेले. वऱ्हांड्यात सायकली लावल्या होत्या. खिडकीच्या जाळीतून मॅडम दिसत होत्या, डोक्यावर तो काळा हेडफोन आणि त्यावर "सरकार" लिहिलेली पट्टी, अजून काढलेली नव्हती. मोबाइल मी तोंडाजवळही धरला नाही. दोन्ही हातांत पोटापाशी धरला होता.

मी म्हटलं, "मॅडम, मी मंदा. ताईले डाव्या कानानं येत नाई. माहं बोलणं कोणालेच ऐकू जात नाई, मॅडम. ताई तेवढी थांबते अन् पुन्हा विचारते, काय म्हणून राह्यली म्हणून. पोट्ट्याईलेही विचारते. दुसरी बाई येईन, ती विचारणार नाई."

एवढं सलग मी आजवर कोणासमोर बोललेले नाही. दारापाशी बसलेल्या बाईनं नंतर सांगितलं की आत काहीच ऐकू आलं नाही, मी नुसतीच उभी आहे असं वाटलं. पण मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. मग हेडफोन काढून बेबीताईंना दिला.

मी आत आले तेव्हा मॅडम आपल्या खुर्चीवर होत्या. "मोबाइल मागं कशाला लपवता? इथं टेबलावर ठेव," त्या मला म्हणाल्या. मग बेबीताईंना, "कान तपासून कागद आणा. पुढचं मी पाहते. आणि घरचा मोबाइल बैठकीत बंद." आणि मग पुन्हा, आधीपेक्षा मोठ्यानं, "किती मुलं?"

"दोन, मॅडम."

वर्ध्याला कान तपासला. डावा गेलेलाच होता, उजवा बरा होता. काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवतात, ती खोली बेबीताईंना फार आवडली. तपासणाऱ्या मुलीला त्यांनी इतकं विचारलं की तिनं शेवटी यंत्राची मागची बाजू दाखवली. कागद मॅडमना दिला. बेबीताईंनी दोन्ही वर्षं पूर्ण केली. त्या काळात एकाही मुलाला इजा झाली नाही, हे मी लिहून ठेवते, कारण त्या रोज घरी जाताना ते स्वतःशी म्हणायच्या.

त्या दोन वर्षांत मला मात्र त्यांनी सोडलं नाही.

"काय बोलली व तू वऱ्हांड्यात?"

"काही नाई."

"काही नाई म्हणाली अन् मॅडम बदलली?"

मी भाजी चिरत राहायचे. त्यांनी एकदा खुद्द मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, तुमच्या मदतनिसालाच विचारा. मग त्या अंदाज लावायला लागल्या. रडली असशील. पाया पडली असशील. देवाची आण घातली असशील. मी नाही म्हणायचे. तोंडावर कसं सांगू, हे मला कधी कळलं नाही. शेवटच्या दिवशी मुलांनी फुलं दिली, बायांनी साडी दिली, तेव्हाही फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, सांगीन कधीतरी. "येजो कारंज्याले," त्या म्हणाल्या, आणि मुलीकडे राहायला गेल्या.

माझं जाणं झालं नाही. ह्या उन्हाळ्यात मात्र बहिणीसोबत अमरावतीकडच्या लग्नाला जाताना आमची गाडी कारंज्याच्या स्टँडवर पाच मिनिटं थांबली. मी खिडकीशी होते. समोरच्या बाकावर बेबीताई बसल्या होत्या. डावी बाजू माझ्याकडे. दोन्ही मोबाइल बाकावर, मानेत हेडफोन नाही. तो शेजारच्या एका धोतरवाल्या म्हाताऱ्याच्या कानावर होता. बेबीताई हात हलवून त्याला काहीतरी विचारत होत्या आणि तो डोळे मोठे करून ऐकत होता.

तेवढ्यात ड्रायव्हर चढला. उतरायला वेळ नव्हता. मी खिडकीच्या गजांना धरून ओरडले, "ताई." मग आणखी जोरात, "बेबीताई." गाडीतली माणसं वळून पाहायला लागली. बहिणीनं माझा हात धरला.

बेबीताई वळल्या नाहीत. पण म्हाताऱ्यानं ऐकलं. त्यानं बेबीताईंच्या दंडाला हात लावला, काहीतरी सांगितलं, आणि आवाज कुठून आला हे त्याला कळेना म्हणून भलत्याच गाडीकडे बोट दाखवलं. बेबीताई लगेच उठल्या. आमची गाडी मागं सरून वळायला लागली. त्या दुसऱ्या गाडीजवळ गेल्या आणि पहिल्या खिडकीपासून सुरुवात केली. एकेका खिडकीशी थांबून, चष्मा सावरून, आतल्या माणसाचा चेहरा नीट पाहायच्या, काहीतरी विचारायच्या, उत्तर येईपर्यंत थांबायच्या आणि पुढच्या खिडकीकडे जायच्या.